व्यत्ययाबद्दल क्षमस्व



गणपतीच्या कार्यक्रमाची मीटिंग यंदा आमच्या बेसमेंटमध्ये झाली. नेहमीप्रमाणे आधी चहा, मग चिवडा आणि सगळ्यात शेवटी मुद्दा. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाची फिल्म भिंतीवर दाखवायचं ठरलं होतं. ती जेमतेम दोन मिनिटं चालली आणि प्रोजेक्टरने मान टाकली. भिंतीवर नुसता निळा चौकोन उरला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून कोणीतरी अगदी गंभीर आवाजात म्हणालं, "व्यत्यय!" झालं! पन्नाशीच्या पुढची झाडून सगळी मंडळी खो खो हसत सुटली. हसू ओसरतंय तोच दुसऱ्याने "क्षमस्व" म्हणून पुन्हा फोडणी दिली. तिशीतली मंडळी हातात चिवड्याच्या वाट्या धरून आमच्याकडे बघत राहिली.

रात्री सगळे गेल्यावर माझी लेक कपबश्या डिशवॉशरमध्ये लावता लावता म्हणाली, "आई, त्या एका शब्दात एवढं हसण्यासारखं काय होतं? आणि तुम्ही सगळे एकदम कसे हसलात? कोणी दादरचं, कोणी डोंबिवलीचं, कोणी पुण्याचं. न्यू जर्सीत येईपर्यंत तुम्ही एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हता."

तिला उत्तर देता देता रात्रीचा एक वाजला. त्या गप्पांत माझी फुशारकी हळूहळू कशी उतरत गेली, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

एकच खिडकी

भारतात टेलिव्हिजन सुरू झाला दिल्लीला, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबईला तो यायला १९७२ सालचा २ ऑक्टोबर उजाडावा लागला. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुणेकरांचीही सोय झाली. 'दूरदर्शन' हे स्वतंत्र खातं १९७६ साली झालं, त्याआधी सगळा कारभार आकाशवाणीच्या छत्राखाली होता. मी तेव्हा शाळेत होते. १९७६ सालीच आमच्या चाळीतल्या आमच्या मजल्यावरचा पहिला टीव्ही आमच्या घरी आला. वडील बँकेत होते, कर्ज मिळालं. लाकडी कपाटासारखा, शटरचा टीव्ही. वर आईने विणलेला रुमाल, त्याच्यावर काचेचा हंस. टीव्हीला लायसन लागायचं आणि ते पोस्टात जाऊन काढावं लागायचं, हे आता मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. गच्चीवर माशाच्या काट्यासारखा अँटेना. त्याच्यावर कावळा बसला की चित्र हलायचं. मग एकाने वर जायचं, एकाने गॅलरीत उभं राहायचं आणि एकाने घरातून "आलं, आलं... गेलं!" असं ओरडायचं.

चॅनल एकच. तेही दिवसभर नाही, संध्याकाळचे काही तास. त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. जे लागेल ते बघायचं. शेतकऱ्यांसाठीचा 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम आम्ही दादरच्या दोन खोल्यांत बसून इतक्या भक्तिभावाने बघितला आहे की, ज्वारीचं कणीस प्रत्यक्ष हातात घेण्याच्या कितीतरी आधी मला मावा आणि तुडतुडे ठाऊक होते. 'किलबिल' आमच्यासाठी, 'गजरा' सगळ्यांसाठी, 'प्रतिभा आणि प्रतिमा' वडिलांसाठी. 'छायागीत' लागलं की आजोबा नापसंतीने खुर्ची फिरवून बसायचे, पण पाय ताल धरायचे. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. पुढच्या आठवड्यात काय काय लागणार, ते 'साप्ताहिकी' सांगायची, आणि आम्ही ती वही-पेन्सिल घेऊन बघायचो.

सत्तरीचं दशक संपता संपता 'चिमणराव' आला. चि. वि. जोशींची माणसं आई-वडिलांनी पुस्तकात वाचली होती. आमच्या पिढीचा चिमणराव म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे. पुढे मी पुस्तक वाचलं, तेही त्यांच्याच आवाजात.

बातम्या द्यायला भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे, स्मिता पाटील. बायका बातम्यांबरोबर साड्याही बघायच्या. शुद्ध, ठाम, घाई नसलेलं मराठी. शाळेत वक्तृत्वस्पर्धेला उभं राहिलं की आम्ही सगळ्या मुली त्यांच्यासारखंच बोलायला बघायचो.

आणि मधेच चित्र जायचं. पडद्यावर पाटी यायची: व्यत्यय. सिनेमाचा अगदी शेवट जवळ आला असताना, खुनी कोण ते कळणार एवढ्यात, व्यत्यय! मग खोलीभर बसलेली तीस माणसं एकदम हळहळायची. कोणी उठायचं नाही, कारण उठलं की जागा जायची. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी हा शब्द पुस्तकात वाचायच्या आधी टीव्हीवर वाचला असेल.

तेव्हा लेकीला मी म्हटलं, "बाई गं, आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो हे खरं, पण आम्ही सगळे एकाच खिडकीतून बघत होतो. एकाच वेळी हसत होतो, एकाच वेळी हळहळत होतो. पुढे १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी रंग आला, १९८४ साली 'हम लोग' आलं, १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडायला लागले. लोक टीव्हीला हार घालायचे. १९९२ मध्ये झी आलं, घरोघरी केबल आली आणि ती एक खिडकी संपली. पण आमची घडण तोवर होऊन गेली होती."

हे सांगताना माझा आवाज जरा अभिमानाने चढलाच असणार.

आजी, नात आणि न चालणारी टेप

मी लग्न होऊन १९९१ साली इथे आले. लेकीचा जन्म १९९३ चा. तिची खिडकी वेगळी. सकाळी 'सेसमी स्ट्रीट', मग 'मिस्टर रॉजर्स'. आपल्यातल्या बऱ्याच आयांप्रमाणे मीही तिला त्या दोघांच्या ताब्यात देऊन कुकर लावलेला आहे. ती अक्षरं तिथे शिकली, आकडे तिथे शिकली, रागावर ताबा कसा ठेवायचा तेही स्वेटर बदलणाऱ्या त्या मृदू आवाजाच्या गृहस्थांकडूनच शिकली.

१९९६ साली माझी आई सहा महिने राहायला आली. तिचं इंग्रजी मॅट्रिकचं, बोलायची सवय नाही. ती नातीच्या शेजारी बसून 'सेसमी स्ट्रीट' बघायची आणि दोघी बरोबरीने शब्द म्हणायच्या. अकरा वाजले की मात्र आजीचा स्वतःचा कार्यक्रम असे, 'द प्राइस इज राइट'. तुमच्याकडे आलेल्या किती आई-सासवांना या कार्यक्रमाने वेड लावलं असेल, याची एकदा मोजदाद करायला हवी! भाषा कळायची गरजच नाही. वस्तू बघायची, किंमत सांगायची. दोन महिन्यांत आईला कपड्याच्या साबणाची किंमत माझ्यापेक्षा बिनचूक सांगता यायला लागली. गंमत म्हणजे हा कार्यक्रम आजच्या स्वरूपात सुरू झाला सप्टेंबर १९७२ मध्ये, म्हणजे मुंबई केंद्राच्या जेमतेम एक महिना आधी.

येताना आईने माझ्यासाठी चार व्हिडिओ कॅसेट आणल्या होत्या. दूरदर्शनवरची मराठी नाटकं तिने स्वतः बसून टेप केली होती. मधल्या जाहिराती येऊ नयेत म्हणून प्रत्येक वेळी बटण दाबून टेप थांबवलेली. आम्ही मोठ्या उत्साहाने कॅसेट घातली, तर पडद्यावर नुसत्या वाकड्यातिकड्या रेषा आणि धडपडणारा आवाज. भारतातलं चित्र ६२५ रेषांचं, सेकंदाला पंचवीस चित्रं. अमेरिकेतलं ५२५ रेषांचं, सेकंदाला तीस. ती पद्धत पाल, ही एनटीएससी. इथल्या यंत्राला तिथलं चित्र कळतच नाही. आईचा चेहरा एवढासा झाला. "आवाज तरी ऐकू," म्हणाली. पण आवाजही धड नव्हता.

पुढे एका देशी दुकानात त्या कॅसेट बदलून घेतल्या. एकीच्या लेबलावर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, "टेप संपली. शेवट पत्रात कळवते." आणि तिने खरोखर कळवला होता. ते पत्र अजून माझ्याकडे आहे. त्यात निम्मं नाटक आहे आणि निम्म्यात मोलकरीण कामाला येत नसल्याची तक्रार.

मुलांचा शब्द

इतकं सगळं ऐकून लेक म्हणाली, "आई, आमच्याकडेही एक शब्द होता. फक्त त्याच्यावर आम्हाला हसू यायचं नाही."

मी विचारलं, कोणता?

तिने शब्द सांगितला नाही, नाव सांगितलं. अपू.

'द सिम्प्सन्स' मधला तो क्विक-ई-मार्टचा दुकानदार. १९९० साली तो पहिल्यांदा पडद्यावर आला. मालिकेत तो संगणकशास्त्रातला डॉक्टरेट आहे, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं? लक्षात राहिले ते त्याचे हेल आणि गिऱ्हाइकाला निरोप देताना म्हणायचं ठरावीक वाक्य. त्याचा आवाज काढणारे हँक अझारिया हे गोरे अमेरिकन नट. चौथीत असताना बसमधला एक मुलगा माझ्या लेकीला रोज उतरताना ते वाक्य त्याच हेलात म्हणून दाखवायचा. आणि सगळी बस हसायची. बातम्यावाल्याच्या एका शब्दावर आमची चाळ हसायची तशीच, एकदम.

"वर्षभर?" मी विचारलं.

"वर्षभर."

"मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू पण हसायचीस, आई. तो टीव्हीवर आला की तू बाबांना हाक मारायचीस, 'अहो, या लवकर, आपला माणूस लागलाय.'"

हे खरं आहे. मी हाक मारत असे. अख्ख्या अमेरिकन टीव्हीवर आपल्यासारखा दिसणारा एक माणूस होता, आणि तो दिसला याचाच मला आनंद. तो कशासाठी दाखवलाय, हा प्रश्न मला पडलाच नाही. कारण लहानपणी टीव्हीवर स्वतःला शोधायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. आमच्यासारखी साडी, आमच्यासारखी पोळी, आमच्यासारखं बोलणं रोज संध्याकाळी आपोआप समोर यायचं. पाण्यातल्या माशाला पाणी दिसत नाही, तसं.

हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकाराने २०१७ साली अपूच्या प्रश्नावर माहितीपट काढला, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी "कशाला एवढं मनाला लावून घेतात ही मुलं" म्हणून मान हलवली. मीही हलवली. २०२० साली अझारियांनी तो आवाज काढणं सोडल्याचं सांगितलं. मधल्या काळात २००५ मध्ये 'द ऑफिस' मध्ये मिंडी कलिंगची केली कपूर आली, २०२० मध्ये 'नेव्हर हॅव आय एव्हर' मध्ये एक अख्खं भारतीय घर आलं. लेक म्हणाली, "ते बघताना मी सत्तावीस वर्षांची होते. मला ते नऊ वर्षांची असताना हवं होतं."

दारातली मुलगी

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. पण त्या रात्री मला झोप लागेना. सारखी एक मुलगी डोळ्यांपुढे येत होती. तिचं नाव इथे लिहीत नाही.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींची ती मुलगी, माझ्याच वयाची. वडील गिरणीत. शनिवारी सिनेमाला सगळी चाळ आमच्या खोलीत बसायची. मघाशी मी तीस माणसं म्हटलं ना, त्यात ती नाही. ती दारात, चपलांच्या पलीकडे, उंबऱ्याला टेकून उभी राहायची. तिला कोणी हाकलत नसे. पण "आत ये" असंही कोणी म्हणत नसे. मागून कोणी आलं की ती बाजूला व्हायची आणि मग पुन्हा तिथेच.

ती बोलायची कोकणातल्या गावचं मराठी, आणि आम्ही मुली तिच्या बोलण्याची नक्कल करायचो. 'व्यत्यय' हा शब्द तिला धड म्हणता यायचा नाही. पाटी आली की आम्ही मुद्दाम तिला विचारायचो, "काय लागलंय गं?" ती तिच्या पद्धतीने म्हणायची आणि खोली हसायची. तीही हसायची. तेव्हा मला वाटायचं, तिलाही मजा वाटतेय.

टीव्हीवर तिच्या घरच्यांसाठी काही नव्हतं असं नाही. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती' होतं, कामगारांसाठी 'कामगार विश्व' होतं. पण माझ्या आठवणीत तरी त्यांच्यासाठीच्या कार्यक्रमांत त्यांना बहुधा काय करावं ते समजावून सांगायचे, आणि आमच्यासाठीच्या कार्यक्रमांत आम्हीच बोलायचो. नाटकांत तिच्यासारखं बोलणारं माणूस यायचं, पण हातात पाण्याचा तांब्या घेऊन, दोन वाक्यांसाठी, हशा मिळवायला. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी आम्ही रंगीत टीव्ही घेतला. मावशी कधीतरी यायच्या बंद झाल्या. मुलगी कुठे गेली, मी चौकशी केली नाही. आता ती चाळही नाही, तिथे टॉवर आहे.

सकाळी चहाच्या वेळी मी हे लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मग तू तिला आत का नाही बोलावलंस?"

मी म्हटलं, "अगं, मी अकरा वर्षांची होते."

ती म्हणाली, "बसमधला तो मुलगा नऊ वर्षांचा होता, आई."

यंदाचं नाटुकलं

म्हणून मंडळी, एक विनंती. गणपतीत आपलं नाटुकलं असतं आणि त्यात एक गडी असतो. गेली कितीतरी वर्षं ती नाटुकली मीच लिहिते. संवाद रटाळ झाला की गड्याला आत आणायचा, त्याच्या तोंडी गावाकडची भाषा घालायची, की हशा ठरलेला. हा माझा हुकमी एक्का. आता आपल्या मंडळात लातूर, जळगाव, चंद्रपूरकडून आलेली किती तरी कुटुंबं आहेत. त्यांच्या घरात ते मराठी बोललं जातं. त्यांची मुलं तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून आमचा गडी बघतात आणि सगळ्यांबरोबर हसतात. त्यांनाही मजा वाटते, असं मला आतापर्यंत वाटत होतं.

यंदा मी गडी ठेवला आहे. पण त्याच्या बोलण्यावरून एकही हशा ठेवलेला नाही. त्याला गोष्टीत काम दिलं आहे. लिहिताना पेन अडखळत होतं हे कबूल करते, कारण सोपी वाट सोडली की किती कमी विनोद सुचतात ते कळलं. संवाद बघून द्यायला लातूरच्या एका वहिनींना बोलावलं, त्यांनी निम्मे बदलले. आता ते पहिल्यापेक्षा जास्त हसवतात, पण हसायचं कोणाला, ते बदललं आहे.

मुलांनी 'आमचा टीव्ही' म्हणून अर्ध्या तासाचा स्वतःचा कार्यक्रम मागितला, तो कमिटीने मंजूर केला आहे. आपल्या वेळी टीव्ही कोणाच्या घरी होता, कोण कुठे बसायचं आणि कोण दारात उभं राहायचं, याच्या आठवणी जरूर लिहून पाठवा. दारात उभं राहणाऱ्यांनी तर नक्की पाठवा. आम्ही पुढच्या अंकात छापू. जुन्या कॅसेट असतील तर त्याही आणा. टेपचं आयुष्य फार नसतं, बदलून घ्यायच्या तर आता घ्यायला हव्यात.

आणि हो, प्रोजेक्टर नवा घेतला आहे. तरीही व्यत्यय आलाच, तर क्षमस्व.